आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘हातपाय चालतायत तोवर न्यावं’ याला शून्य गुण कसे?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका वेळीच ओळखण्याची सरकारी प्रश्नावली, आशाताई भरतात. त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटलं का? प्रत्येकी 0 ते 3 गुण. प्रश्न चांगलेच आहेत. पण ते ओसरीवर, सून दारात उभी असताना विचारले जातात. आजोबा म्हणतात, “सगळं छान आहे. हातपाय चालतायत तोवर देवानं न्यावं, बस.” फॉर्मवर शून्य पडतं. खरं उत्तर दुसऱ्या वाक्यात असतं.

मरणापेक्षा अंथरुणाला खिळण्याचं भय मोठं. त्यावर “काळजी करू नका” म्हटलं की बोलणंच खुंटतं. नेमकी धास्ती कशाची, हे कळलं तरच पुढचं काम ठरतं.

पडण्याची भीती सगळ्यांत फसवी. एकदा तोल गेला की माणूस चालणं कमी करतो, मांड्यांतली ताकद जाते आणि मग तो खरोखरच पडतो. इथे उपयोगी पडते भिंतीला टेकवलेली खुर्ची : शक्यतो हात न टेकता उठबस, सुरुवातीला 5 वेळा, दिवसातून दोनदा, शेजारी कुणीतरी उभं. शिवाय न्हाणीत धरायला पक्की दांडी. प्रत्यक्षात हाती येते झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारख्या गोळीनं रात्री लघवीला उठताना तोल आणखी जातो, आणि सवय लागल्यावर ती एकदम बंदही करता येत नाही.

विसरण्याची धास्ती असेल, तर आधी बी-12, थायरॉइड आणि कान तपासावेत. नळ्या लावून जगवतील ही भीती असेल, तर पूर्व वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत याची आधीच केलेली नोंद, लिहिता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ही रीत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. एवढं सांगणारं माणूस उपकेंद्रात हवं.

म्हणून मागण्या मोजक्या. साठीपुढच्यांना हे प्रश्न एकांतात विचारण्याची लेखी सूचना काढा. ‘पुढच्या दिवसांची कशाची धास्ती वाटते?’ ही ओळ फॉर्मवर वाढवा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, गुण नकोत. या भेटीचा आशाताईंना वेगळा मोबदला द्या, नाहीतर घाई होणारच. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नुसता भिंतीवर रंगवू नका. ऐकू कमी येणाऱ्याचा पहिला फोन समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी शेजारी बसून लावून द्यावा.

आपले,
ज्येष्ठांसोबत काम करणारे समुपदेशक