केतकीच्या ‘मिसमॅच’बद्दल

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुनंदा,

तुझा निरोप वाचला. केतकीच्या नव्या कंपनीत ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी संगणकी तपासणीत मिसमॅच आला आणि तुम्ही दोघं रात्रभर जागलात. आधी एवढंच मनाशी पक्कं कर की तिची नोकरी गेलेली नाही.

इथे नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला, मग तो अमेरिकेत जन्मलेला का असेना, आपली ओळख आणि काम करण्याचा हक्क दाखवणारा आय-९ नावाचा फॉर्म भरावाच लागतो. १९८६ च्या कायद्यापासूनची ही रीत. आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा आणि कंपनीने पुढच्या तीन कामकाजाच्या दिवसांत कागदपत्रं पाहून आपला भाग पुरा करायचा. मान्य यादीतली कोणती कागदपत्रं दाखवायची ते कर्मचारी ठरवतो. ‘अमुकच कार्ड आण’ असं कंपनीला म्हणता येत नाही.

ई-व्हेरिफाय ही त्याच्या पुढची पायरी. आय-९ मधली माहिती संगणकावर भरली की ती सोशल सिक्युरिटी (कामासाठी लागणारा ओळख-क्रमांक देणारं खातं) आणि होमलँड सिक्युरिटी (परदेशातून आलेल्यांच्या नोंदी ठेवणारं खातं) यांच्या नोंदींशी ताडली जाते. बहुतेकांचं उत्तर काही सेकंदांत ‘काम करण्यास पात्र’ असं येतं. १९९७ मध्ये पाच राज्यांत प्रयोग म्हणून हे सुरू झालं. आजही देशभर सगळ्या कंपन्यांना ते सक्तीचं नाही. ॲरिझोना, फ्लोरिडा अशा काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. केतकीच्या बाबतीत मात्र ते टळत नाही. तिच्यासारख्यांना स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीवर ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीची, जी २४ महिन्यांची वाढ मिळते, ती ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेल्या कंपनीतच चालते.

आता मिसमॅच. दोन नोंदी जुळल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या नावांचं हे नेहमीचं दुखणं आहे. पासपोर्टवर ‘केतकी श्रीधर’ हे सगळं पहिलं नाव म्हणून छापलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि कंपनीतल्या कोणी तिसऱ्याच तऱ्हेने टाइप केलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं असंच होतं. नागरिकत्व मिळाल्यावर सोशल सिक्युरिटीत नोंद बदलायची राहिली, तर पक्क्या अमेरिकन नागरिकालाही मिसमॅच येतो. केतकीचं नेमकं कारण काय, ते अंदाजाने ठरवू नकोस. कंपनीने तिला एकांतात बोलावून ‘फर्दर ॲक्शन नोटीस’ द्यायला हवी. कोणत्या खात्याशी जुळलं नाही आणि का, ते त्यात असतं.

तिने ‘मी पाठपुरावा करणार’ असं कळवलं की कंपनी केस पुढे पाठवते, आणि तिथून तिला केंद्र सरकारचे आठ कामकाजाचे दिवस मिळतात. सोशल सिक्युरिटीचा प्रश्न असेल तर त्यांच्या कार्यालयात स्वतः जायचं. होमलँड सिक्युरिटीचा असेल तर फोन करायचा. निकाल लागेपर्यंत तिला कामावरून काढता येत नाही, घरी बसवता येत नाही, पगार कापता येत नाही, तिचं प्रशिक्षणही लांबवता येत नाही. हे तिला शब्दन् शब्द वाचून दाखव. मी इथे एचआरमध्ये आहे, म्हणून जीव तोडून सांगते. एका कंपनीत (नाव लिहीत नाही) अशाच मुलाला ‘निस्तरल्यावर या’ म्हणून परत पाठवलं होतं. तो गप्प बसला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की कंपनी चुकते आहे. असं झालंच, तर न्याय खात्याच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शनला फोन करता येतो, नाव न सांगताही.

गप्प बसणं मात्र महागात पडतं. आठ दिवसांत ती गेलीच नाही, तर केस ‘फायनल नॉनकन्फर्मेशन’वर, म्हणजे ‘कामाची पात्रता सिद्ध झाली नाही’ या शेवटच्या निकालावर जाते आणि मग कंपनीला तिला काढता येतं.

म्हणून आज तिच्याकडून तीन गोष्टी करून घे. नोटीस मागवायची, तिच्यावरचं स्वतःचं नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर तपासायची, आणि पाठपुरावा करणार असल्याचं कंपनीला लेखी कळवायचं. कार्यालयात जाताना पासपोर्ट, कामाच्या परवान्याचं कार्ड, आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी व्हिसाचा दाखला) आणि नोटीस बरोबर ठेवायची. तिला संध्याकाळी मला फोन करायला सांग. ती नोटीस समोर घेऊन बसली तर आम्ही दोघी मिळून वाचू.

तुझी,
मंगल