बाबांची नाईट आणि पेन्शनचा फॉर्म

आई, बाबा,

फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडं देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव, नाहीतर हे चष्मा शोधत बसतील.

पहिलं पीएफच्या पेन्शनचं. नोकरी सोडल्याशिवाय पेन्शन मिळत नाही, हे बाबा तुम्हाला गेटवर चहा पिताना कुणीतरी सांगितलं असणार. तसं नसतंय. दहा वर्षं पेन्शनमध्ये भरलेली असली की ५८ पूर्ण झाल्यावर मिळते, कामावर असला तरी. तुमची गिरणीत सूत कातायच्या रिंगफ्रेम खात्यातली परमनंटची वर्षंच दहाच्या वर जातात आणि तुम्ही आता ६१ चे. १०डी फॉर्म भरायचा, एवढंच. २०१४ पासनं कमीत कमी हजार रुपये ठरलेत, म्हणजे एक गॅसची टाकी आली की संपले, पण हक्काचे सोडायचे कशाला?

आणि वॉचमन म्हणून सिक्युरिटीच्या ठेकेदाराकडं गेल्यापासनं स्लिपवर पीएफची कपात दिसते पण पासबुकात मधल्या काही महिन्यांची एंट्रीच नाही. मी ओटीपी मागितला तेव्हा फ्रॉड आहे का म्हणून तुम्ही मलाच झापलंत, ते यासाठीच होतं. ठेकेदारानं नाही भरलं तर गिरणीला भरावं लागतं, कायदाच आहे, त्यामुळं "मालक काय करणार बिचारा" हे नको.

आता नाईटचं. लहानपणी डबा घेऊन यायचे तेव्हा गोडाऊनमध्ये बघितलंय मी, कापसाच्या दोन गाठींच्या फटीत हात घालून तुम्ही गरम लागतंय का बघायचात, मग वाकून वास घ्यायचात. १७० किलोची गाठ, ठिणगी आत गेली की वरनं पाणी मारून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसतच राहते, नंतर कधीतरी परत पेटते, हे तुम्हीच सांगितलेलं. आता भिंतीवरच्या बटणाला मशीन टेकवलं की साहेबांना रिपोर्टमध्ये वॉचमन येऊन गेला एवढं दिसतं, गाठ गरम होती का ते त्या मशीनला काय कळतंय! म्हणूनच तुमचा पाय निघत नाही, माहितीय मला. पण मग तो नवीन पोरगा रात्रभर मोबाईलवर असतो म्हणता ना, त्याला घ्या की सोबत महिनाभर, त्याचा पण हात घाला त्या फटीत. आणि तुम्ही दिवसाचं गेट मागा.

कारण झोप होत नाही तुमची. शेजारच्या मागांची खटखट सकाळपासनं चालू, लाईट जाते त्या दिवशीच तेवढे तुम्ही गाढ झोपता आणि आई बिचारी लाईट आली की देवाला शिव्या देते.

मी रोज इथं कोल्हापुरात कोटितीर्थ तळ्यावरनं जाते, शाहू मिलची चिमणी दिसते. १९०६ ची गिरणी, आजोबांचा जन्म गेला तिथं, २००३ ला बंद पडली. गिरणी बंद पडली तरी वॉचमन लागतोच म्हणता तुम्ही, खरं आहे, पण तो तुम्हीच पाहिजे असं कुठं लिहिलंय का?

रविवारी सकाळच्या एसटीनं येते. आधार, बँकेचं पासबुक, जुन्या पगाराच्या स्लिपा (पत्र्याच्या पेटीत आहेत, आई, साड्यांच्या खाली) काढून ठेवा. फॉर्मला दोघांचा एकत्र फोटो लागतो, तेवढ्यासाठी चौकात जाऊन येऊ. आणि बाबा, फोटोला युनिफॉर्म घालून बसू नका.

तुमची,
सोनी