सूर्योदयाची ती दोन ओळींची चौकट परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्राचं कारण तसं फुटकळ आहे, हसू नका. आपल्या पेपरात आतल्या पानावर पंचांगाच्या खाली एक छोटी चौकट यायची, आजचा सूर्योदय, आजचा सूर्यास्त आणि भरती-ओहोटीच्या वेळा. दिवाळीनंतर पेपरचं रूप बदललंत, फोटो मोठे झाले, अक्षर पण बरं केलंत (चष्मेवाल्यांतर्फे आभार), पण ती चौकट गेली ती गेलीच. आधी वाटलं एखाद्या दिवशी राहिली असेल, मग आठवडाभर बघितलं, मग पेपर टाकणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला काकू मला फक्त टाकायचं माहितीय.

माझी ३४ वर्षं डोंबिवली ते सीएसटी लोकलमध्ये गेली. सूर्य म्हणजे ज्या बाजूच्या खिडकीत ऊन येतं ती सीट टाळायची, एवढाच काय तो संबंध. डब्यातली मजा वेगळी होती, नाही म्हणत नाही, भाजी निवडणं, हळदीकुंकू, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोरणं लावून डबा सजवणं, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून घाटकोपरपर्यंत झोप काढणं. पण सकाळ कशी होते ते मी बघितलंच नव्हतं. २०१९ ला रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी सगळे घरात बसलो. त्या एप्रिलमध्ये गॅलरीत चहा घेताना लक्षात आलं की समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडून उगवणारा सूर्य आठ-दहा दिवसात टाकीच्या डावीकडे गेलाय. मी ह्यांना म्हटलं, अहो सूर्य सरकला. हे म्हणाले, टाकी तर नाही ना सरकली, बिल्डरचं काम आहे काही सांगता येत नाही.

तेव्हापासून बँकेच्या एका जुन्या डायरीत रोज लिहिते. पेपरातली वेळ आणि तिच्या पुढे आमच्या गॅलरीतली वेळ, जी नेहमी पंधरा-वीस मिनिटं उशिराची असते कारण मधे सात मजली इमारत आहे. आमची गॅलरी पूर्वेला तोंड करून. जूनमध्ये सूर्य अगदी डाव्या कोपऱ्यात, जिन्याच्या पत्र्याकडून येतो आणि डिसेंबरमध्ये पार उजवीकडे मोबाईलच्या टॉवरपाशी. मार्च आणि सप्टेंबरमध्ये त्याची चाल बघण्यासारखी असते, रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, एक दिवस चुकला तरी कळतं. आणि टॉवरपाशी गेला की मुक्काम ठोकून बसतो, आठ-दहा दिवस हलतच नाही, माहेरी आलेल्या लेकीसारखा.

डायरीतून आणखी एक गंमत सापडली. लहानपणी शिकलो की २१-२२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस. माझा समज असा की मग सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो पण त्याच दिवशी. तसं नाहीये! संध्याकाळ सगळ्यात लवकर होते ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या आसपास, आणि नंतर सूर्यास्त पुढे पुढे जायला लागतो. पण सकाळ मात्र उशिराच होत राहते, थेट संक्रांतीच्या आगेमागे सव्वासातापर्यंत. मला वाटलं पेपरातच छापायची चूक आहे, खरं सांगते, तक्रारीचं पत्र अर्धं लिहून पण झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलीने समजावलं, काकू पृथ्वीचा आस कललेला आहे आणि फिरायचा रस्ता पण पूर्ण गोल नाही, म्हणून सूर्याची दुपार घड्याळाच्या दुपारशी जुळत नाही, कधी मागे कधी पुढे होते. मी मान डोलावली, निम्मं कळलं. पण तेव्हापासून मला वाटतं की संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो हे म्हणणारी बाई पहाटे उठून पाणी भरणारीच असणार. अंधारात उठणारीला दिवस वाढतोय हे संक्रांतीआधी कळणार कसं? हा आपला माझा अंदाज, शास्त्र नाही.

याच मुलीने शून्य सावली दाखवली. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, कोल्हापूरला ६ मेच्या सुमारास, पुण्याला १३ मे, आमच्याकडे १६ मेच्या आगेमागे, नागपूरला २६. गच्चीत स्टीलचे डबे, पेले, एक लाटणं असं सगळं उभं करून आम्ही पंधरा-वीस जण टळटळीत उन्हात डोक्याला पंचे बांधून बसलो होतो. बारा वाजले तरी सावली आहेच. एकजण म्हणाला फसवलं. मग बारा पस्तीसच्या सुमारास लाटण्याची सावली लाटण्याच्या पायात गेली, कुठेच नाही, आणि पोरं ओरडायला लागली. बाराला का नाही तर आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. माझे सासरे जुन्या 'मुंबई टाइम'च्या गोष्टी सांगायचे, १९०६ साली स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईने आपलं ३९ मिनिटं मागचं घड्याळ पुढे कितीतरी वर्षं सोडलं नव्हतं. मला ते हट्टीपणाचं वाटायचं. गच्चीत त्या दिवशी कळलं की ती ३९ मिनिटं सावलीचा हिशोब होती. दुसरी शून्य सावली जुलैच्या २७-२८ ला, भर पावसात. पाच वर्षं डबे घेऊन वर जातोय, एकदाच दोन मिनिटं ऊन पडलं. बाकी चार वर्षं भिजून खाली आलो आणि भजी केली, ती पण काही वाईट नव्हती.

भरती-ओहोटीचं डोंबिवलीत काय काम असं तुमच्या ऑफिसात कोणी म्हणालं असेल. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. बाबा सांगायचे, तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. थोडं इकडे तिकडे होतं पण फार नाही. मी इथे कुकर लावता लावता तोंडी हिशोब करते, मग पेपरात बघून ताडते आणि जमलं की उगाच खूष होते, समुद्र इथून कुठच्या कुठे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं माहेर असं सकाळी साडेसातला पेपरातून घरात यायचं.

मुलगा म्हणतो आई मोबाईलवर सगळं आहे. आहे हो, मला माहितीय, मी काय अगदी अडाणी नाही, जीपे पण करते. पण मोबाईल मागितल्याशिवाय देत नाही आणि मागायला गेलं की सूर्योदय राहतो बाजूला, कुणाचातरी गुड मॉर्निंग बघत अर्धा तास जातो. पेपरात ते न मागता समोर यायचं. शिवाय ह्यांना पेन्सिलीने टिक करायची सवय लागलीय. पहिल्यांदा चेष्टा करणारे हेच, आता साडेसहाला चहा टाकून गॅलरीतून हाक मारतात, "ये गं, तुझा पाहुणा यायची वेळ झाली." ४१ वर्षांच्या संसारात यांनी चहा टाकलेला मी याआधी फक्त बाळंतपणात बघितला होता.

हल्ली आनंदी कसं राहावं यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत पानभर येतं, मागे तीन हजार फीच्या वर्कशॉपची जाहिरात पण होती. छापा, मला काही म्हणायचं नाही, जाहिरातीवर पेपर चालतो. पण त्या पानातली दोन बोटं जागा मला द्या. सोन्याच्या भावाखाली चालेल, राशिभविष्याच्या कडेला चालेल, अक्षर बारीक असलं तरी चालेल, भिंग आहे घरात.

परवा संक्रांत झाली. चौकट नसल्यामुळे यंदा माझ्या डायरीत डावा रकाना दिवाळीपासून रिकामा आहे, फक्त गॅलरीतल्या वेळा भरलेल्या. मागच्या वर्षीच्या नोंदी बघता या आठवड्यात सूर्योदय सव्वासातावर अडकून बसलेला असणार आणि महिनाअखेरीला मिनिटामिनिटाने मागे यायला लागेल. तो मागे फिरायच्या आत जमलं तर बघा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. भरतीची वेळ वेंगुर्ल्याची नको, मुंबईचीच द्या. वेंगुर्ल्याची मी काढते.