नाल्यातला गाळ खाणीतच अडवा

महोदय,

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मुंबईत नालेसफाई होते, किती टन गाळ काढला याचे आकडे छापून येतात. हा गाळ येतो कुठून, हे मात्र क्वचितच विचारले जाते. कांदिवलीत आमच्या घरामागे एक जुनी दगडखाण आहे. पहिल्या मोठ्या सरीबरोबर तिथून करडे, दुधी पाणी उतरते. दोन तासांत गटार भरते आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना पलंगावर पाय घेऊन बसावे लागते. फार संताप होतो.

उपाय अवघड नाही. डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी चर खणून खाणीबाहेरून वळवावे, म्हणजे ते गढूळ होतच नाही. खाणीतले पाणी निवळण तळ्यात थांबवावे. रेती काही मिनिटांत तळाशी बसते, पण दगडाची बारीक भुकटी आणि चिकणमाती बसायला तास, कधी दिवस लागतात. त्यामुळे तळे लहान असेल तर ते नावापुरतेच. तेही वेळेवर उपसावे लागते. गाळाने भरलेल्या तळ्यातून पाणी आले तसेच पुढे जाते. उघड्या उतारांवर माती पसरून गवत लावावे. सांडपाणी नदीनाल्यात सोडताना तरंगत्या कणांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. भर पावसात खाणीच्या तोंडाशी नमुने घेऊन ते आकडेही नालेसफाईच्या आकड्यांशेजारी जाहीर करावेत, ही विनंती.

– एक वाचक, कांदिवली (पूर्व), मुंबई