पांझरेच्या पाण्यातले जीव मोजण्यासाठी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत हातभार लावा

सस्नेह नमस्कार.

पांझरा नदीतले सूक्ष्म जीव मोजणाऱ्या आपल्या धुळ्याच्या मंडळाची पाणी गाळायची जाळी बाभळीच्या काट्याला अडकून फाटली आहे आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी धरली आहे. उन्हाळा तोंडावर आलाय. धरणाचं आवर्तन थांबलं की पात्रात डबकी आणि नाल्यांचं पाणी एवढंच उरतं, आणि मोजणी चुकवू नये असे दिवस नेमके तेच. म्हणून हे पत्र घाईत लिहितो आहे.

आधी ज्यांचं देणं आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नावं छापलेली त्यांना चालत नाहीत, पण गावाला कळेलच. आपल्या सरांनी निवृत्त होताना स्वतःचा सूक्ष्मदर्शक मंडळाला दिला, आणि "कपाटात पूजा करू नका, वापरा" असं वर बजावलंही. देवपुरातल्या शिंपीकाकांनी साठ मायक्रॉनच्या, म्हणजे अगदी बारीक छिद्रांच्या नायलॉनची जाळी शिवून दिली, तळाला बाटली बसेल अशी. शिलाई घेतली नाहीच, उलट चहा पाजून पाठवलं. किराणावाल्या भाऊंनी दिलेल्या बरण्यांना कितीही धुतल्या तरी संत्रागोळीचा वास येतो, पण नमुने त्यांतच टिकले. बचत गटाच्या ताईंनी ऐन थंडीत भरीत-पुरीचा स्टॉल लावला, त्या पैशांतून नमुने टिकवायचं पहिलं फॉर्मालिन आलं. (भरीत दुपारीच संपलं. उशिरा आलेले अजून टोमणे मारतात.) आणि आपले रिक्षावाले दादा! नमुन्यांच्या बाटल्या घेऊन फिरायचं भाडं त्यांनी एकदाही लावलं नाही.

नवीन मंडळींसाठी काम काय ते सांगतो. आपण एकवीरा देवीच्या मंदिराजवळ, शहराच्या वर आणि शहराच्या खाली, अशा तीन ठिकाणी जाळीतून बादलीनं पन्नास लिटर पाणी ओततो. तळाच्या बाटलीत चिमूटभर मळकट गाळ उरतो. त्यातला थेंब भिंगाखाली धरला की सायक्लॉप्स नावाच्या इवल्या जिवाची मादी दिसते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लटकवून झटके देत जाणारी. मोइना नावाच्या दुसऱ्या जिवाच्या पाठीतली पिल्लं आरपार दिसतात. हे सगळे प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी. त्यातले बरेचसे शेवाळ खाऊन जगतात, आणि मत्स्यजिरे (माशांची इवली पिल्लं) जगतात त्यांच्यावर. कटला मासा तर मोठा झाला तरी मुख्यतः हेच खातो. जुन्या माणसांना सायक्लॉप्स म्हटलं की नारूचा रोग आठवतो. बरोबरच आहे, नारूची अळी त्याच्याच पोटातून माणसात यायची. पण २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, आणि त्यात पाणी गाळून पिण्याचा वाटा मोठा होता. याच सायक्लॉप्सच्या काही जाती डासांच्या अळ्या फस्त करतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

सांडपाणी आणि शेतातलं खत नदीत आलं की शेवाळ माजतं आणि रात्री पाण्यातला प्राणवायू उतरतो. आपल्याकडे उन्हानं आणखी भर पडते. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. मोइना आणि तिच्याच जातकुळीतला डाफ्निया यांच्यासारखे प्लवकांतले मोठे जीव अशा वेळी कमी होतात आणि ब्रॅकिओनससारख्या चिवट रोटिफरांचं (त्याहून बारीक प्लवकांचं) फावतं. कपाशीवर फवारलेलं कीटकनाशक पहिल्या पावसात वाहून आलं तर डाफ्निया एक-दोन दिवसांतही मरतात. मासे उलटे तरंगायला लागतात ते बऱ्याचदा फार नंतर.

आणि तेव्हा मात्र मोठ्या पुलावर व्हिडिओ काढायला उभं राहायला जागा नसते. कानबाई देवीच्या विसर्जनानंतर स्वच्छतेला बोलावलं तर फोटोपुरती का होईना, माणसं येतात. मोजणीसाठी वर्गणी मागायला गेलो तर "पानीमाधला किडा मोजाले पैसा लागतस का भाऊ?" असं हसून वाटेला लावलं. एका कार्यालयात आमचा अहवाल चहाच्या कपाखाली ठेवलेला पाहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांची दप्तरं ज्या गावानं जपली, त्या गावात नदीच्या नोंदींची ही गत व्हावी याचं वाईट वाटतं. असो.

हवंय ते असं: जाळीचं कापड, भिंगाची दुरुस्ती (नाहीच जमली तर नवीन भिंग), मोजणीची एक मिलिलिटरची काचपट्टी, फॉर्मालिन, प्राणवायू तपासायची रसायनं; सगळं मिळून रु. २८,००० च्या घरात, पैकी रु. ९,००० जमा आहेत. रोख, यूपीआय, चेक काहीही चालेल. चेक मंडळाच्या नावाने, क्यूआर फलकावर, पावती खजिनदारांकडून मागून घ्यावी. प्राप्तिकरातली ८०जी ची सवलत नाही, आधीच सांगतो. पैसे जमत नसतील तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मोठ्या पुलाखाली या, बादली उचलायला माणूस हवाच असतो. गमबूट असतील तर आणा. बारावी-बीएस्सीची मुलं आली तर फारच बरं, मोजणी त्यांना शिकवू. हे सगळं आखाजीच्या आत व्हायला हवं.

आपला,
सचिव

ता. क. : गेल्या वर्षी ज्यांनी वहीत आकडा लिहिला पण पैसे द्यायचे राहिले, त्यांची पानं फाडलेली नाहीत.