पंचनाम्यात माणसाचा रकाना कुठे आहे?

महोदय,

10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपण आपत्तीतल्या मनःस्वास्थ्यावर लेख छापलात. लेखिका विद्वान आहेत, शंका नाही. पण पूर ओसरल्यावर रोज डायरी लिहायची आणि मंद संगीत ऐकायचं? बाई, आमचं रेशनकार्डसुद्धा गाळात होतं.

31 ऑगस्ट 2021 च्या पहाटे चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या फुगल्या, त्यात आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या म्हशी दावणीवरून गेल्या. पंचनाम्याला आलेले साहेब विचारतात, “मेलेल्या जनावराचा फोटो आहे? कानातला बिल्ला?” बिल्ला म्हशीच्या कानात अन्‌ म्हैस गेली गिरणा नदीत! पडलेली भिंत मोजली, भिजलेलं धान्य लिहून घेतलं. समोरचा माणूस ना जेवत होता ना बोलत होता, त्याला रकानाच नव्हता.

अजूनही रात्री आभाळ गडगडलं की आबा बॅटरी घेऊन रिकाम्या गोठ्यात जातात, खुंट्यांना हात लावून येतात. घरात कुणी जागं असेल तर एकच प्रश्न, “पानी चढी ऱ्हायनं का?” दवाखान्यात नेलं तर झोपेच्या गोळ्या दिल्या. मानसोपचाराचे डॉक्टर ठरावीक वारी येतात म्हणाले. त्या वारी गेलो तर साहेब मीटिंगला!

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली आहे. माणसाकडे बघा, त्याचं ऐकून घ्या, योग्य मदतीशी जोडून द्या, एवढंच त्यात सांगितलंय. त्याला डॉक्टरच लागतो असंही नाही. पुरानंतर पहिले पोचतात ते तलाठी, ग्रामसेवक, आशाताई. त्यांना हे शिकवायला काय हरकत आहे? लेखात यावर एक ओळ नाही. “तज्ज्ञांचा सल्ला घ्या” म्हणून मोकळे! टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो छापायला जागा नव्हती, शेजारी दिवाळी सेलची जाहिरात मात्र पाऊण पान.

आणखी एक. त्याच पुस्तिकेत म्हटलंय, माणसाला बोलायची बळजबरी करू नका. हे आपल्या वार्ताहरांनाही कळवावं. पुरानंतर त्यांनी आबांना गोठ्यात उभं करून “जरा तिकडे बघा” म्हणत फोटो काढला होता. परवाच्या लेखावर पुन्हा तोच छापलात, तोही न विचारता. तो आता काढून टाकावा, ही विनंती.

एक वाचक, चाळीसगाव तालुका