जुन्या डिझेल स्विफ्टबद्दल, पाऊस सुरू व्हायच्या आत

पुणे,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

२०१३ची स्विफ्ट व्हीडीआय चिपळूणला दारात येऊन उभी राहिली, हे वाचून फार आनंद झाला. पंच्याऐंशी हजार किलोमीटर झालेत म्हणतोस. या इंजिनाचं ते काही वय नाही. मात्र आधीच्या मालकाने ऑइल कसं सांभाळलं यावर पुढचं बरंचसं ठरणार आहे, आणि इथून पुढे तू कसं सांभाळतोस यावर उरलेलं. गाडीतलं दुसरं काहीही महिनाभर मागे पडलं तरी चालेल, ऑइल नको. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुझ्या बॉनेटखाली फियाटचं १.३ मल्टिजेट आहे. १२४८ सीसी, ७५ पीएस. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट. आमच्या इथून जवळच, रांजणगावच्या कारखान्यातही हे इंजिन बनायचं. पुंटो, इंडिका व्हिस्टा, स्विफ्ट अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांत एकाच वेळी हे एकच घराणं बसलेलं होतं. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की सुट्या भागांची चिंता नको. फक्त भाग मागताना चासी नंबर सांगूनच माग. 'एकच इंजिन आहे, कुठलंही बसेल' असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नकोस.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन म्हणजे आयुष्यभर बघायला नको, असा समज फार पसरलाय आणि त्यानेच ही इंजिनं मरतात. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं एक लिटर जळून कमी झालं की तिसरा हिस्सा गेला. अशा वेळी कुंभार्ली घाटाच्या वळणावर उरलेलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो, टेन्शनर सैलावतो आणि चेन एखादा दात सरकते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याशिवाय त्यातून सुटका नाही. मीटरमधला लाल तेलदिवा पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तो लागला की ऑइल बघू, असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दिवा लागलाच तर कडेला घे आणि तिथल्या तिथे इंजिन बंद कर, घर दोनशे मीटरवर असलं तरी.

दर रविवारी सकाळी, गाडी सपाटीवर आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक काढ, सुती फडक्याने पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे हवं. काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस, डिझेलमध्ये नवं ऑइलही थोडं चाललं की काजळीने काळं होतंच. पातळी घसरली तर पाव-पाव लिटर टाकून मोज. वरच्या खुणेच्या वर मात्र जाऊ देऊ नकोस. जादा ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेने, हवेच्या नळीत शिरतं, आणि डिझेल इंजिन ते इंधनासारखं जाळू शकतं. आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, वर डिझेलचा वास आला, तर इंजेक्टरकडून डिझेल खाली झिरपतंय असं समज. ती गाडी चालवायची नाही, मिस्त्रीला घरी बोलवायचं.

ऑइल कधी बदलायचं? पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष आहे. तुझं रोजचं धावणं बाजारपेठेपर्यंत आणि परत, अधूनमधून घाट. त्याला साडेसात हजार धर, आणि किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष ओलांडू नकोस. डिझेल इंजिनासाठीचं, सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. आता गाडी नुकतीच घेतली आहेस, आधीच्या पावत्या काहीही सांगोत, या आठवड्यातच बदलून टाक. मिस्त्री करेल, पण शेजारी उभा राहा. दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करायचं, चेंबरचा बोल्ट काढून शेवटचे थेंब पडेपर्यंत वीस मिनिटं थांबायचं. ही वीस मिनिटंच गॅरेजमध्ये वाचवली जातात. बोल्टचा वायसर नवा. ऑइल फिल्टर डब्याचा नाही, झाकणाच्या आत बसणारा कागदी आहे. त्याच्या झाकणाची रबरी रिंग फिल्टरबरोबर नवी येते, ती बसवली की नाही हे डोळ्यांनी बघ. जुनीच ठेवली तर तिथून ऑइल झिरपतं, आणि झिरपलेलं कुणाला दिसत नाही. आधी पावणेतीन लिटर ओतायचं, इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं. निघालेलं ऑइल बोटांत चोळून बघ. चकाकणारी धातूची पूड लागली तर ते मला लगेच कळव.

चेनबद्दल एक कान देऊन ठेव. सकाळच्या पहिल्या सेल्फला क्षणभर खडखड झाली आणि दाब येताच थांबली तर ठीक. तीन-चार सेकंद चालली, किंवा गरम इंजिनावरही ऐकू आली, तर चेन, टेन्शनर, गाइड आणि दातेरी चकत्या असं पूर्ण किट बदलायचं. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, कारण खोलण्याची मजुरी तीच लागते.

आता डिझेल. कोकणात पाणी हा त्याचा मोठा शत्रू. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा थंड होते, पाणी सुटतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि फिल्टरमध्ये येतं. पुढे गेलं तर हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर. तिथे डिझेलच वंगणाचं काम करतं, पाणी आलं की पृष्ठभाग घासले जातात. चार इंजेक्टर नवे घ्यायचे म्हणजे या वयाच्या गाडीच्या किमतीतला मोठा वाटा. म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली नेऊ नकोस, वर्दळीच्या पंपावरच भर, टँकर खाली होत असेल तर पुढच्या पंपावर जा. महिन्यातून एकदा फिल्टरच्या तळाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढ. दोन थर दिसले तर खालचा पाण्याचा; निव्वळ डिझेल येईपर्यंत सोड आणि स्क्रू हाताने घट्ट कर. डिझेल फिल्टर वीस हजार किलोमीटरला बदल, चांगल्या कंपनीचा. बदलल्यावर आत हवा राहते. प्रायमिंग पंप, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलायचा पंप, कडक लागेपर्यंत दाबायचा, मगच सेल्फ. नुसता सेल्फ मारत बसलं तर बॅटरीही जाते आणि पंप कोरडा फिरतो.

टर्बोचे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचे, दोन नियम. चालू केल्यावर अर्धं मिनिट तसंच राहू दे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन दोन हजार आरपीएमच्या फार वर नेऊ नकोस, ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचू दे. आणि घाट चढून हॉटेलपाशी थांबलास तर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद कर. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपून कोळसा होतं.

पिकअप गेला, चढाला काळा धूर आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर 'फुस्स' असा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम आल्या तर टर्बो गेला असं कुणी म्हणालं तरी आधी इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, रबरी नळ्या बघायला लाव. नळीला खालच्या बाजूला चीर असते, ती वरून दिसत नाही. हात फिरवला की ऑइलचा ओशटपणा लागतो. नळी किंवा क्लॅम्प बदलला की काम होतं. निळा धूर मात्र ऑइल जळाल्याचा. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा.

तुझ्या वापराचा खरा प्रश्न वेगळाच आहे. दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद, असं रोज केलं तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही. काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि हवेच्या वाटेत साठते, ऑइलच्या वाफेने ती डांबरासारखी चिकट होते, व्हॉल्व्ह अडकतो. मग आयडल हलतं, पिवळा इंजिनदिवा लागतो, गाडी ओढत नाही. तुझ्या गाडीला नव्या बीएस-६ डिझेलसारखा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नाही हे तुझं नशीब. तो असता तर अशा वापराला टिकला नसता. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर महामार्गाने जाऊन ये, खेडच्या बाजूला म्हण, आणि मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमवर थोडा वेळ चालव. चाळीस हजार किलोमीटरला ईजीआर उतरवून कार्ब क्लीनरने साफ करायचा, पॅकिंग नवं टाकायचं. पत्रा लावून तो कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना नको म्हण. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड वाढतो, आणि तो श्वास तुझ्या गावातल्याच माणसांना घ्यायचा असतो.

चालवण्याबद्दल थोडं. या इंजिनाचा जोर १९० न्यूटन मीटर, तो दोन हजार आरपीएमला मिळतो. त्याखाली ते सुस्त आहे. चढावर दीड हजारावर ओढत राहण्यापेक्षा गिअर खाली घे. हाफ क्लचवर गाडी उभी धरू नकोस, हँडब्रेक वापर. क्लच बदलायची वेळ आलीच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा, इंजिनालाच वेग आवळून धरू दे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, मग लांब उतारावर तापून त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदल.

बॉनेटखाली इंजिनाच्या एका बाजूला फिरणारा रबरी पट्टा आहे, तो अल्टरनेटरबरोबर वॉटर पंपही फिरवतो. आडव्या भेगा दिसल्या की बदल. धावताना बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ तापमान चढू लागलं तर पट्टा तुटलाय, पुढे जायचंच नाही. कुलंटमध्ये नळाचं पाणी नको. तयार मिश्रणाचंच टाक, पातळी थंड असतानाच बघ.

पावसाचं तुला मी काय सांगणार. २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर तू पाहिला आहेस. इशारा आला की गाडी सगळ्यांत आधी उंचावर ने. पाण्यात उभी राहिलीच तर पाणी ओसरल्यावर चावीला हात लावू नकोस, आधी बॅटरीचं टर्मिनल काढ. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर उघडून बघ. आत ओल असेल तर टो करून न्यायची. दरवाजांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं आणि वायपरखालची जाळी आंब्याच्या पानांनी बुजते, ती साफ ठेव, नाहीतर पायापाशी पाणी उतरतं. गुहागरला समुद्रावर जाऊन आलास की खालून गोड्या पाण्याने धुऊन घे. आणि उंदीर! पावसात ते गरम इंजिनावर येऊन बसतात, वायरिंग कुरतडतात. तंबाखूची पानं लोक ठेवतात, थोडा उपयोग होतो. रोज गाडी हलवणं आणि रात्री बॉनेट उघडून नजर टाकणं याचा जास्त.

एव्हरेज मीटरवरून ठरवू नकोस. टाकी ऑटो-कटपर्यंत भर, चारशे किलोमीटर चालव, पुन्हा त्याच पंपावर तशीच भर आणि भाग दे. कागदावरचा आकडा २२.९ होता, तुझ्या रस्त्यांना सतरा-अठरा मिळाले तर सगळं ठीक. अचानक दोनने पडलं तर आधी चाकांतली हवा, मग एअर फिल्टर, मग ब्रेक धरून राहतोय का, या क्रमाने बघ. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला आहे. स्टेपनीतही तेवढीच.

नोंदणीची पंधरा वर्षं २०२८मध्ये भरतील. फिटनेस आणि पर्यावरण कराचं तेव्हा बघावं लागेल. आत्ता नव्या नंबरप्लेटचं आणि पीयूसीचं एवढं उरकून घे.

ऑइल बदललंस की निघालेल्या ऑइलचा फोटो आणि सकाळच्या पहिल्या सेल्फचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. चेनचं मग बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव

ता. क. डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'डिझेल' लिहिलेलं स्टिकर लाव आणि नोझल लावताना खाली उतरून उभा राहा. चुकून पेट्रोल पडलंच तर इंजिन चालू करू नकोस, चावीसुद्धा फिरवू नकोस. गाडी ढकलून बाजूला घे आणि टाकी रिकामी करून घे. चालू केलंस तर पंप-इंजेक्टरपर्यंत सगळं धुवावं लागेल.